लाल रेघेपर्यंत खारं पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो मुलगी पाहायला गेलो तेव्हा, आणि तो मला मुळीच आवडला नाही. मी भंडाऱ्याचा, पाटबंधारे खात्यातला कारकून. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, आणि तलावाला एक पातळी असते. ती गेजच्या पट्टीवर पाहायची, रजिस्टरात लिहायची, खाली सही करायची. पेणच्या पुढं खाडीकाठच्या त्या गावात सकाळी पाणी घराच्या पायरीपाशी होतं आणि दुपारी तिथं नुसता चिखल. असलं पाणी कोणत्या रजिस्टरात लिहायचं? मी हे सोबतच्या मावसभावाला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "तू पोरगी पाहाले आला का गेज पाहाले?"

पोरगी पसंत पडली. तिचे आईवडील मिठागरात राबत. तीही लहानपणापासून फावडं घेऊन त्या खाचरांत उतरलेली, त्यामुळे तिच्या तळव्यांना टणक घट्टे होते. दोन्ही घरं छप्पन्न सालापासून बौद्ध, मुंबईतल्या नातेवाइकांच्या ओळखीतून स्थळ आलेलं. लग्न साधंच झालं आणि ती पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या भाताच्या मुलखात आली.

इथं तिचं सगळंच वेगळं. आम्ही 'मले' म्हणतो तिथं ती 'मला' म्हणे, शेजारणी तिला 'मॅडम' म्हणून चिडवत. वैनगंगेचा मासा घरी आणला तर तोंडात घालून ती म्हणायची, "याला चिखलाचा वास येतो." माझ्या आईला हे लागायचं. "काहून वो बाई, आम्ही का चिखल खाऊन मोठे झालो का?" आई विचारायची, आणि मग दोघी हसायच्या. त्या काळात आमचं घर हसतं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात हसू फारसं नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, ती बाळंत झाली. दिवस पूर्ण भरलेले होते. मुलगा होता, आणि तो रडलाच नाही. डॉक्टरांनी काय काय कारणं सांगितली ती मला तेव्हा कळली नाहीत आणि आज आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की ती रडली नाही. घरी आली आणि तिचं बोलणं थांबलं. काही विचारलं तर 'हो' किंवा 'नाही'. स्वयंपाक करी, धुणं करी, आईचे पाय चेपून देई. पण तोंडातून शब्द नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणायची, "बापू, बोलती कर तिले. नाही तं मुकी होऊन जाईन पोरगी." मी काय करणार होतो? मला गेज वाचता येत होतं, दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाला आम्ही मुंबईला गेलो. हा मेहुणा रेल्वेत नोकरीला होता, मोठा हौशी माणूस. लग्न आटोपल्यावर तो मला बाजार दाखवायला घेऊन गेला. तिथं रंगीत माशांची दुकानं होती. एका काचेच्या पेटीत बोटाएवढे मासे फिरत होते, असे निळे की मी क्षणभर दुकानदारावरच संशय घेतला. वाटलं, पाण्यात नीळ टाकली असेल. "डॅमसेल," दुकानदार म्हणाला. "खाऱ्या पाण्यातले आहेत. फार चिवट जात, सहजासहजी मरत नाही."

त्या शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. आमच्या घरात तेव्हा मला फक्त एकच गोष्ट हवी होती, सहजासहजी न मरणारी. आणि ती बायकोच्या गावच्या पाण्यातली असेल तर कदाचित बायको तिच्याकडे पाहील, कदाचित बोलेल, असं वाटलं. मेहुण्याला मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की हे मासे भंडाऱ्याला न्यायचे. तो हसायला लागला. मग माझा चेहरा पाहून थांबला आणि म्हणाला, "दाजी, पाण्याचं माझ्याकडे लागलं."

तो शब्दाला जागला. गार्ड मंडळी त्याच्या ओळखीची, त्यांच्या सोबतीनं समुद्राच्या पाण्याचे प्लॅस्टिकचे कॅन वरठी स्टेशनला यायला लागले. मी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून भंडाऱ्याला आणायचो. वाटेत लोक विचारत, "का हो, घासलेट कुठं भेटून राहिलं?" समुद्राचं पाणी आहे म्हटलं की माझ्या डोक्याकडं पाहत. पेटी आमच्याच गावच्या फोटो-फ्रेमवाल्यानं बनवली. सांधे जोडायचा गोंद मुंबईहून आला. तळाला शंख-शिंपल्यांचा चुरा, त्याखाली गाळणी, बाजूला हवेचा पंप. लाईन गेली की पंप बंद पडायचा, म्हणून सायकलचा पंप आणि रबरी नळी तयार ठेवलेली.

आणि मी पेटीच्या काचेवर एक रेघ ओढली. ऑफिसात गेज रंगवायला आणलेला लाल रंग उरला होता, त्यानं. रेघेच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही आणि खालीही येऊ द्यायचं नाही. घरात मी जाहीर करून टाकलं की पाण्याला माझ्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही, हे समुद्राचे मासे आहेत, यांना समुद्राचंच पाणी पाहिजे, साध्या पाण्याचा थेंबही पडता कामा नये. आई म्हणाली, "मी कायले लावू हात? मले का काम नाही?" बायको काही बोलली नाही.

जानेवारीत मेहुणा स्वतः मासे घेऊन आला. पाच होते, तीन निळे आणि दोन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, हवा भरलेल्या पिशव्यांमध्ये. एक पट्ट्याचा गाडीतच गेला होता. राहिलेले चार आम्ही पेटीत सोडले. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, उभी राहिली, पाहिलं आणि परत गेली. मेहुणा माझ्याकडे पाहून खांदे पाडून बसला.

मात्र दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी पेटीसमोर बसायला लागली. आई मला रोज संध्याकाळी बातमी द्यायची, आज एवढा वेळ बसली, आज कणीक तिथंच आणून मळली. आठेक दिवस असे गेले. एका रविवारी मी तिथंच खुर्चीवर पेपर वाचत होतो. ती काचेला कान लावून बसली होती. एकदम म्हणाली, "ऐकलंत? हा बोलतो."

मी कान लावला. खरंच, आतून बारीक टक् टक् आवाज येत होता. सगळ्यात दांडगा निळा दुसऱ्यांना आपल्या कोपऱ्यातून हाकलताना तो आवाज काढी. "हो," मी म्हणालो, "बोलून राहिला." आणि उठून मागच्या अंगणात गेलो, आणि तिथं धुण्याच्या दगडावर बसून रडलो. तब्बल पाच महिन्यांनी ती आपणहून बोलली होती. ही गोष्ट मी आईलाही सांगितली नाही.

मग तिचं बोलणं हळूहळू सुटत गेलं. आधी माशांशी, मग आमच्याशी. तो दांडगा निळा महा भांडखोर होता. त्यानं महिन्याभरात तिसऱ्या निळ्याला टोचून टोचून मारलं. ती त्याला रागवायची, "आगाऊ! एवढीशी जागा, त्यातही तुला मालकी पाहिजे." माहेरून आलेला सुका जवळा ती पाट्यावर वाटून बारीक करी आणि चिमटीनं मला देई, मी तो पाण्यात सोडायचा. नियम म्हणजे नियम. दारावर येणारी मासेवाली ढिवरीण एकदा टोपली उतरवून पेटीपाशी बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कायचे माशे हायेत वो बाई? सारे मिळून भाजीले नाही पुरत." बायको खळखळून हसली. आई चुलीपाशी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती धुराला बोल लावत होती.

म्हणून सांगतो, ती पेटी माझ्या हौशीची नव्हती. ते तीन मासे जगले तर माझी बायको मला परत मिळणार होती. मिळतही होती. मला हे तेव्हा स्पष्ट कळत होतं, म्हणून तर पुढचं जास्त वाईट वाटतं.

मार्चपासून ऊन तापायला लागलं. भंडाऱ्याचा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. मी पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, वर काचेचं झाकण बनवून घेतलं, समोर कूलर लावला. उन्हाळ्यात पाणी उडणार हे मला दुसऱ्यानं शिकवायची गरज नव्हती. अहो, बाष्पीभवनाचा रकाना मी स्वतः भरायचो! म्हणून समुद्राच्या पाण्याचे कॅन कोपऱ्यात रचून ठेवले होते. पण गंमत अशी की पेटीतलं पाणी कमीच होईना. सकाळी पाहावं तर रेघेच्या जेमतेम केसभर खाली. मला वाटलं, ही माझ्या झाकणाची करामत. मी ऑफिसात सांगत सुटलो की तलावांचं सोडा, माझ्या पेटीतलं पाणी बघा, थेंब उडत नाही. मेहुण्याला पत्र टाकलं की सध्या पाणी पाठवू नका, इथलेच कॅन पडून आहेत. एवढा मोठा शहाणा मी.

एप्रिलच्या शेवटी पट्ट्याचा मासा एका कोपऱ्यात राहायला लागला आणि दोन निळ्यांचं जमलं. तिच्याच सांगण्यावरून मी फुटक्या माठाचं एक खापर पेटीत टाकलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला एका सकाळी बारीक दाणे चिकटलेले दिसले, राळ्यासारखे. अंडी! एक निळा अंडी घालून बाजूला झाला आणि तो भांडखोर खापरापाशी पहारा द्यायला लागला. परांनी वारा घालायचा, कोणी जवळ आलं की अंगावर धावून जायचा, माझ्या बोटालाही काचेआडून टोचायचा. "हा बाप दिसतो," ती म्हणाली. "ती अंडी घालून मोकळी, हा बघा कसा राखतो. शिका काहीतरी." किती दिवसांनी तिनं माझी थट्टा केली होती. त्या रात्री जेवताना ती आईला विचारत होती की पिल्लं किती दिवसांनी होत असतील, आणि त्यांना जवळा कसा भरवायचा, एवढ्याशा तोंडाला. आईला काय ठाऊक? तरी ती म्हणाली, "होईन बाई, सारं होईन."

त्यानंतर चौथ्या का पाचव्या दिवशी मला कामासाठी लाखांदूरला जायचं होतं. सकाळी घाईत निघालो, पेटीकडे पाहिलंही नाही. एस.टी. पवनीच्या अलीकडेच बंद पडली. तासभर झाडाखाली बसून, उलट बाजूनं आलेल्या गाडीत चढून मी परत फिरलो आणि दुपारी दोनच्या सुमारास घामानं निथळत घरी पोचलो. ऊन डोक्यात गेलेलं होतं. दार उघडंच होतं. ती स्टुलावर उभी होती, झाकण बाजूला सारलेलं, आणि तांब्यातून अगदी बारीक धारेनं पेटीत पाणी सोडत होती.

"हे काय टाकून राहिली?" मी ओरडलो.

ती दचकली नाही. धार थांबवून म्हणाली, "पाणी."

"कोनतं?"

"घरचं. रांजणातलं, कालचं शिळं."

"रोज टाकते?"

"ऊन लागल्यापासून. थोडंथोडंच. अहो, जेवढं कमी होतं तेवढंच..."

मी पुढं ऐकलं नाही, कारण माझी नजर खापरावर गेली होती. ते कोरं होतं. एकही दाणा नाही. तो निळा दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होता, पहारा सुटलेला. मला दिसलं ते एवढंच, खापर कोरं आणि तिच्या हातात साध्या पाण्याचा तांब्या. मी म्हणालो, आणि अगदी सावकाश म्हणालो, रागाच्या भरात तोंडून निसटलं असंही मला आज म्हणता येत नाही: "पोटातलं एक लेकरू तुले राखता नाही आलं. आता हेबी मारले. यापुढं हात नोको लावू."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "बापू!" बस्स, एवढाच.

ती स्टुलावरून उतरली. तांब्या जागेवर नेऊन ठेवला. झाकण मीच लावलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणी भराभर उतरायला लागलं. आता कारण कळायला हरकत नव्हती, पण मला वाटलं, ऊन वाढलं. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी कॅन उघडायचो आणि लाल रेघेपर्यंत समुद्राचं पाणी भरायचो. संध्याकाळी पाहावं तर बोटभर खाली. पुन्हा भरायचो. कॅन संपत आले तसं मी मेहुण्याला तार केली की पाणी पाठवा. अस्सल पाणी जातंय पेटीत, याचा मला अभिमान वाटायचा.

आठदहा दिवसांत पट्ट्याच्या माशाच्या अंगावर मळ चढल्यासारखं दिसायला लागलं. तो तळाला टेकून जोरजोरात श्वास घेई. मग मेला. निळ्यांचा निळा रंग उतरला, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. ते खायचे बंद झाले. मी सगळ्यांवर चिडलो. उन्हावर चिडलो, लाईनवर चिडलो, चिवट म्हणून फसवणाऱ्या दुकानदारावर चिडलो. पाणी आणखी ताजं पाहिजे म्हणून आणखी समुद्राचं पाणी ओतलं. ती पूर्वीसारखीच दुपारी पेटीसमोर बसायची, असं आई सांगायची. पण आता दोन्ही हात मांडीवर ठेवून. कणीक मळायला आणायची नाही.

एका सकाळी मी कॅन तिरपा करून पाणी सोडत असताना ती मागं येऊन उभी राहिली. "अहो," ती म्हणाली.

"काय?" मी मागं वळलोही नाही. आवाज कसा होता ते मला माहीत आहे.

"काही नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

आयुष्यात मला एकच क्षण परत द्या म्हटलं तर मी तो मागेन. मुलगा गेला तो क्षणही नाही, कारण तिथं माझ्या हातात काही नव्हतं. इथं नुसतं वळून 'बोल' म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

दुसरा निळा चार दिवसांनी गेला. भांडखोर सगळ्यात शेवटी राहिला, त्या कोऱ्या खापरात शिरून. मेल्यावरही तो आतच होता, मला खापर उलटं करून त्याला काढावं लागलं. मी त्याला अंगणात पेरूच्या झाडाखाली पुरलं. ती दारात उभी राहून पाहत होती. त्या दिवसापासून तिचं बोलणं पुन्हा 'हो' आणि 'नाही'वर आलं.

त्यानंतर आठवड्यानं मेहुणा आला, तारेप्रमाणे दोन्ही हातांत कॅन घेऊन. रिकामी पेटी पाहून तो जवळ गेला. काचेवर वरच्या बाजूला साचलेली पांढरी खरबरीत कड त्यानं नखानं खरवडली, बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि लगेच अंगणात जाऊन थुंकला.

"दाजी, हे समुद्राचं पाणी नाही," तो म्हणाला. "आमच्या मिठागरात मीठ धरायच्या आधी शेवटच्या खाचरात असतं ना, तसलं पाणी झालंय हे. तुम्ही वरून काय घालत होतात?"

"समुद्राचं. तुम्हीच पाठवलेलं."

"अरे देवा." त्यानं कपाळावर हात ठेवला. "उन्हानं पाणी उडतं, मीठ जागेवर राहतं. साधं पाणी घालायचं असतं. तुम्ही मिठावर मीठ घालत गेलात." मग त्यानं आत स्वयंपाकघराकडं पाहिलं. "पण ताईला विचारायचं ना. ती तर मिठागरातच वाढली. तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

पातळी! आम्ही तलावाची माणसं. आमच्याकडं पाणी गोडच, ते उतरलं की पाणीच सोडायचं आणि रेघ गाठायची, की झालं. पाण्यात दुसरं काही असतं आणि ते मागं उरतं, हे माझ्या रजिस्टरात कधी नव्हतंच.

मी चाचरत अंड्यांचं विचारलं. मेहुणा म्हणाला, "ती चार दिवसांत फुटतातच. पिल्लं डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. घरच्या पेटीत कोणाचीच राहत नाहीत, गाळणीत जातात नाही तर मोठे खातात. दुकानदार सगळ्यांना सांगतो."

म्हणजे तिनं काहीच मारलं नव्हतं. अंडी फुटली होती. आमच्या पेटीत, ती बघत असताना, पिल्लं झाली होती आणि आम्हा दोघांनाही ती दिसली नव्हती. आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात मासे जगले होते ते तिच्या तांब्यामुळं, माझ्या झाकणामुळं नव्हे.

मेहुणा गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

ती तांदळातून बोटं फिरवत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, तुम्ही कुठं ऐकलंत. किंवा म्हणेल, मला तसं बोललात म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले. मी त्याची तयारी केली होती. मला ते चाललं असतं. तिनं माझ्यावर सूड उगवला असता तर मी तिचे पाय धरले असते आणि हिशेब मिटला असता.

पण ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं खरं असेल. मीठ-पाण्याचं मला कळतं. पण माझ्या हातानंच जगत नसेल काही."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. माफी मागितली. रडलो, तिच्या देखत, आईच्या देखत. तिनं उठून मला पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "राहू द्या. झालं ते झालं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो काढू शकलो असतो, दोन दिवसांत नाही तर दोन वर्षांत. जे बोललो होतो ते तिनं खरं मानून ठेवलं होतं, आणि ते काढायचं कसं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या वाक्याला दोघं साक्षीदार होते, आई आणि मी. आई मरेपर्यंत त्याविषयी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पेटी मी विकली नाही, फोडलीही नाही. गावातल्या शाळेनं मागितली तेव्हा देऊन टाकली. आधी रॉकेलच्या बोळ्यानं लाल रेघ पुसली.

वरून सगळं ठीक झालं. बोलणं हळूहळू परत आलं, शेजारणींशी, आईशी, माझ्याशीही. पण तिला एक नवी सवय लागली. "मोगऱ्याला पाणी घालू का?" "डाळीत अजून थोडं घालू का?" "शेजारच्या पोराला घेऊ का जरा?" सुरुवातीला मला वाटलं, टोमणे मारते आहे. मी एकदोनदा चिडलोही, "मले काय विचारते सारखी? तुले कळत नाही का?" तिचा चेहरा पाहिला आणि समजलं, टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. जिवंत काही असलं की त्याला हात लावण्याआधी ती विचारायची.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. ते नऊ महिने आम्ही दोघंही जपून बोललो. आई तर चालतानाही आवाज करायची नाही. दवाखान्यात पहाटे तिला आत नेलं आणि उजाडल्यावर मी बाहेरच्या बाकावरून रडणं ऐकलं, चांगलं ठणठणीत, भांडखोर रडणं. मुलगी झाली होती. सिस्टरनं मला आत बोलावलं तेव्हा बाळ पाळण्यात होतं आणि ती खाटेवर कुशीवर वळून त्याच्याकडं पाहत होती. बाळ रडत होतं, मुठी झाडत होतं. तिचे दोन्ही हात चादरीवर होते.

तिनं वर माझ्याकडं पाहिलं.

"घेऊ का हिला?" तिनं विचारलं.

सिस्टर हसली. "अगं बाई, तुझीच लेक आहे. त्यांना काय विचारतेस?"

ती सिस्टरकडं वळली नाही. माझ्याकडंच पाहत राहिली. मला 'घे' म्हणायचं होतं. बाळ रडत होतं आणि ती माझ्या उत्तराची वाट पाहत थांबली होती. शेवटी मी मान हलवली, तेव्हा तिनं हात पुढं केले.